हिशेब कोणी ठेवायचा? : महाराष्ट्रातील स्वयंसेवी आरोग्यकार्य आणि त्याचे मूल्यमापन

आपल्या सीमाभागात धर्मादाय दवाखान्यांची परंपरा जुनी आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मिरज या पट्ट्यात कुठे मठाचा, कुठे मंदिराच्या ट्रस्टचा, कुठे व्यापारी मंडळाचा, तर कुठे एखाद्या घराण्याने वडिलांच्या स्मरणार्थ काढलेला दवाखाना दिसतो. या संस्थांचे वार्षिक अहवाल आपल्यापैकी अनेकांच्या घरी येतात. अमुक हजार रुग्णांनी लाभ घेतला, तमुक शिबिरे झाली, इतके चष्मे वाटले, इतक्या देणगीदारांचे आभार. शेवटी सनदी लेखापालाची सही असलेला ताळेबंद. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने विश्वस्तांना हिशेब तपासून घेण्याचे बंधन घातले आणि ते योग्यच झाले. पण त्या ताळेबंदात औषधांवर किती रुपये गेले एवढेच दिसते. त्या औषधांनी गावात काय बदलले, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

हा प्रश्न विचारणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली आणि आजही आहेत. खेड्यातल्या बाईला आरोग्याचे शिक्षण देता येते का, तिच्या शिक्षणाने मरणारी मुले वाचतात का, आणि वाचतात हे सिद्ध कसे करायचे, या तीन प्रश्नांमागे त्यांनी उभे आयुष्य घातले. त्यांचा इतिहास आपल्यापुढे मांडावा, असे मनात आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. आमच्या चिकित्सापद्धतीला 'पुरावा काय?' हा प्रश्न हानेमानच्या काळापासून विचारला जात आला आहे, त्यामुळे तो मला परका नाही. तो ऐकून राग येण्याचे दिवसही आता मागे पडले. उलट, जो तो प्रश्न स्वतःलाच आधी विचारतो त्याच्याविषयी मला आदर वाटतो.

मोजमापाची पहिली फूटपट्टी

वैद्यकीय शिक्षणाच्या मूल्यमापनाचा आधुनिक इतिहास अमेरिकेत सुरू होतो. कार्नेगी प्रतिष्ठानाने अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाला अमेरिका आणि कॅनडातील वैद्यकीय महाविद्यालये पाहायला पाठवले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. शाळा चालवणारे शिक्षक होते. त्यांनी १५५ महाविद्यालये प्रत्यक्ष पाहिली आणि १९१० मध्ये अहवाल दिला. प्रयोगशाळा आहे का, रुग्णालय जोडलेले आहे का, प्रवेशाची पात्रता काय, शिक्षक पूर्णवेळ आहेत का, अशी त्यांची फूटपट्टी होती. नुसत्या फीवर चालणारी आणि पदव्या विकणारी अनेक दुकाने त्या अहवालानंतर बंद झाली. याबद्दल फ्लेक्सनरचे ऋण मानलेच पाहिजे. आमच्या होमिओपॅथीच्या महाविद्यालयांना आधीच ओहोटी लागली होती. पुढच्या काही वर्षांत त्यांतली बहुतेक संपली.

पण त्याच लाटेत आणखी काही वाहून गेले. कृष्णवर्णीयांसाठी असलेली वैद्यकीय महाविद्यालये तेव्हा सात होती. त्यांतली दोनच टिकवावीत, असे फ्लेक्सनरने सुचवले आणि उरलेली पाच पुढे बंद पडली. त्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा डॉक्टर ज्या वस्तीत जाणार होता, तिथे दुसरा कोण जाणार, हा प्रश्न फूटपट्टीवर नव्हता. मोजमाप इमारतीचे आणि अभ्यासक्रमाचे झाले. आजारी माणसापर्यंत काय पोचते, याचे झाले नाही.

हीच दृष्टी पुढे आपल्याकडेही आली. १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. तोपर्यंत या देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. भोर समितीचा अहवाल थोर आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व तिने मांडले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही तिचीच. पण डॉक्टर तयार करायचा तो एकाच दर्जाचा, पूर्ण पदवीधर, असे तिच्या बहुमताने ठरले आणि कमी मुदतीचा लायसेन्शिएट अभ्यासक्रम मोडीत निघाला. आपल्या आजोबांच्या पिढीला आठवणारे 'एल.एम.पी. डॉक्टर' ते हेच. तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून बसणारी ती जमात हळूहळू नाहीशी झाली. नवा पदवीधर काही तिथे गेला नाही.

याच्या आधीच एक वेगळा विचार मुंबईत मांडला गेला होता. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली १९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती कर्नल साहिबसिंग सोखी यांच्याकडे होती. सोखी हे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक. दर हजार लोकवस्तीमागे गावातलाच एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, असे या उपसमितीने सुचवले. ती सूचना पुढे तीस वर्षे कागदावरच राहिली.

जामखेड

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले होते. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, पाठोपाठ आलेला १९७२ चा दुष्काळ, आणि हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत मरत असल्याची त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पाची नोंद.

त्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी ठेवून पाहिले. ते जमेना. शिकलेली तरुण मुलगी परक्या खेड्यात एकटी राहू शकत नव्हती आणि गावातल्या बाया तिला आपले मानत नव्हत्या. मग गावानेच निवडलेल्या बाईला शिकवायचे ठरले. या बायकांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही परित्यक्ता. त्या जामखेडला नियमितपणे येत, शिकत, आठवड्याभरातले अनुभव एकमेकींना सांगत आणि परत जात. वर्षानुवर्षे हा क्रम चालला. शिक्षण संपले, प्रमाणपत्र मिळाले, असा दिवस तिथे उगवलाच नाही.

वाचकहो, इथे थोडे थांबावेसे वाटते. नेतृत्व घडवण्याविषयी आज बरीच शिबिरे भरतात. दोन दिवसांचे शिबिर, फलकावर चित्रे, दुपारचे जेवण, शेवटी छायाचित्र. जामखेडमध्ये नेतृत्व घडले ते याच्या अगदी उलट रीतीने. ज्या बाईला काल विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिच्या हातात आज पाटलाच्या सुनेचे बाळंतपण आले. जुलाब होणाऱ्या मुलाला साखर-मीठ-पाणी देऊन तिने उठवून बसवले, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. तिचा अधिकार नेमणुकीच्या पत्रातून आला नाही. तो एकेका घरातून मिळत गेला. तिच्या बरोबरीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. गावात किती मुले, कोणाला लस टोचली, कोणाचे वजन घटले, ही माहिती गोळा करण्यात ही मंडळेही सामील असत. म्हणजे मोजणारे आणि मोजले जाणारे एकाच गावचे होते.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या अशा प्रयोगांवर एक पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण आहे. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, त्यामागे जे थोडे प्रयोग पुराव्यादाखल उभे होते त्यांत जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन दशकांत त्या गावांतला अर्भकमृत्यूचा दर कित्येक पटींनी खाली आला.

घाईत काढलेली नक्कल

जामखेडचे आणि तशाच इतर प्रयोगांचे नाव झाले तेव्हा दिल्लीलाही जाग आली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने गावातले अर्धवेळ आरोग्यसेवक तयार करण्याची शिफारस केली होती. जनता पक्षाच्या सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशव्यापी योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक सेवक, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि औषधांची पेटी. सोखींची चार दशकांपूर्वीची सूचना अखेर अमलात आली, असे वाटावे.

पण निवडले गेलेले बहुसंख्य सेवक पुरुष होते. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेश नाही, तो तान्ह्या मुलाला कसा वाचवणार? निवड अनेक ठिकाणी पुढाऱ्यांच्या मर्जीने झाली. तीन महिन्यांनंतर त्याला पुन्हा शिकवायला, त्याचे ऐकून घ्यायला कोणी नव्हते. योजनेची नावे दोनतीनदा बदलली, निधी केंद्राचा की राज्याचा यावर वाद झाले, आणि ती हळूहळू विझत गेली. किती सेवक तयार केले याचा आकडा सरकारकडे होता. किती मुले वाचली याचा नव्हता. योजना चांगली की वाईट, हे ठरवायला लागणारी नोंदच नसल्यामुळे तिच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून केवळ मतेच मांडली गेली.

मांडव्याची प्रांजळ नोंद

अलिबागजवळच्या मांडवा परिसरात याच दशकात आणखी एक प्रयोग चालला होता. जे. जे. रुग्णालयातले नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी तो सुरू केला. सुमारे तीस गावांतल्या, सुमारे तीस हजार वस्तीसाठी गावातल्याच स्त्रिया शिकवून तयार केल्या. अंतियांनी १९७५ मध्ये 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था काढली. काम आणि कामाचा अभ्यास एकाच छपराखाली चालावा, हा तिचा हेतू होता.

स्त्रिया शिकल्या. क्षयाचे, कुष्ठाचे रुग्ण ओळखू लागल्या. पण त्या जसजशा तयार होऊ लागल्या, तसतसा स्थानिक पुढाऱ्यांना आणि सरकारी आरोग्ययंत्रणेतल्या काहींना त्यांचा जाच वाटू लागला. गरीब बाई प्रश्न विचारू लागली की असे होते. विरोध वाढत गेला आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रकल्प गुंडाळावा लागला.

मला या प्रकल्पाचे महत्त्व फार वाटते, ते अंतियांनी पुढे जे केले त्यासाठी. त्यांनी ही कहाणी झाकून ठेवली नाही. काय साधले, काय फसले आणि कोणाच्या हितसंबंधांवर येऊन अडले, हे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्या संस्थेने पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात पुन्हा नव्याने काम उभारले. स्वयंसेवी संस्थेला आपले अपयश छापणे सोपे नसते. देणगीदार बिथरतात, विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. तरीही मांडव्याची नोंद नसती, तर गावातल्या स्त्रीला शिकवण्यात मोठी अडचण तिच्या बुद्धीची असते की गावच्या सत्तेची, हे आपल्याला कळले नसते.

गडचिरोली : तुलनेची गावे

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. तेही जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आलेले. आरोळे आणि बंग, दोन्ही दांपत्यांवर तिथल्या प्राध्यापक कार्ल टेलर यांच्या विचारांचा प्रभाव होता. टेलर स्वतः मसुरीजवळ जन्मलेले आणि पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांत संशोधन केलेले. लोकांत राहून, लोकांच्या प्रश्नावर शास्त्रशुद्ध संशोधन करायचे, ही दीक्षा तिथली.

बंगांचे पहिले मोठे काम स्त्रियांच्या आजारांवरचे. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांतल्या जेमतेम आठ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये हा निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. तोवर खेड्यातल्या स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढेच सरकारदरबारी समीकरण होते. बाकीचे दुखणे कोणी मोजलेच नव्हते, म्हणून ते नाहीच असे धरले जात होते. स्त्रियांच्या या दुखण्यांची भाषा, त्यांच्या समजुती आणि त्यांचे शब्द राणी बंगांनी पुढे 'कानोसा' या पुस्तकात मांडले.

नंतरचे काम मुलांच्या न्यूमोनियाचे. आपल्याकडे आया 'छाती भरली', 'डबा झाला' म्हणतात तोच हा आजार. मूल मिनिटाला किती श्वास घेते यावरून तो ओळखता येतो. पण ज्या सुईणीला दहाबारापलीकडे मोजता येत नाही, तिने श्वास कसे मोजायचे? त्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेले मणी संपले तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचे. मला वैद्यकाच्या इतिहासातले हे एक मोठे साधन वाटते. निदान करण्याची ताकद त्याने शाळेत न गेलेल्या बाईच्या हाती दिली.

हे सगळे खरोखर उपयोगी पडते का, हे तपासण्यासाठी सर्चने एक शिस्त पाळली, जी जामखेडला सुरुवातीला नव्हती. काही गावांत काम करायचे आणि तशाच दुसऱ्या काही गावांत फक्त जन्म-मृत्यूंची नोंद ठेवायची. न्यूमोनियाच्या अभ्यासात अशी १०२ गावे होती. काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले. त्यापुढचा अभ्यास नवजात बाळांचा. ३९ गावांतल्या स्त्रियांना घरी जाऊन बाळाला तपासायला, ऊब द्यायला, दूध पाजण्यात आईला मदत करायला, आणि जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायलाही शिकवले. तुलनेला ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापले. खेड्यातली दहावीही न झालेली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देते, हे ऐकून ज्या तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या, त्यांना आकड्यांनी उत्तर मिळाले.

इथे कोणीही विचारील, आणि विचारायलाच हवे, की तुलनेच्या गावांतल्या बाळांचे काय? तिथे फक्त मरणाची नोंद ठेवायची, हे कोणत्या दयाधर्मात बसते? हा प्रश्न मला स्वतःला पुष्कळ दिवस छळत असे. किडामुंगीला जपायची शिकवण ज्या घरात मिळते, तिथल्या माणसाला तो सोडून देता येत नाही. याचे एक उत्तर असे, की त्या गावांतल्या कोणाकडून काही हिरावले नव्हते. तिथे नेहमीची सरकारी सेवा चालूच होती, आणि नवी रीत गुणकारी आहे की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरे उत्तर मला अधिक पटते. तुलना नसती तर हे काम एका थोर दांपत्याचे पुण्यकर्म म्हणून गाजले असते आणि त्या ३९ गावांतच संपले असते. तुलना होती म्हणून सरकारला ते नाकारता आले नाही. मात्र हे उत्तर खरे ठरायचे तर एक अट आहे. सिद्ध झालेली गोष्ट पुढे सगळ्यांपर्यंत पोचली पाहिजे. ती पोचली नाही तर त्या नोंदींचे ऋण फिटत नाही.

तेरा संस्थांनी मिळून मोजलेले

तोवर एका संस्थेची गोष्ट चालली होती. पुढे मात्र अनेक संस्थांनी मिळून मोजायचे ठरवले. बालमृत्यू गडचिरोलीसारख्या आदिवासी भागातच होतात, असा समज होता आणि सरकारी आकडेही तसेच सांगत. महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टीतल्या आपापल्या कार्यक्षेत्रात त्यांनी एकाच पद्धतीने जन्म आणि बालमृत्यू नोंदवले. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या नावाने हा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्यातला अंदाज होता. त्यांतले बहुसंख्य सरकारी नोंदीत येतच नव्हते.

विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत खळबळ उडाली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. लहान लहान संस्था, कोणी पाणलोटाचे काम करणारी, कोणी बालवाड्या चालवणारी, यांच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मृत्यूची नोंद कशी घ्यायची, हे शिकून घेतले. दुःखात असलेल्या आईपुढे बसून बाळ कधी जन्मले, कसे होते, काय झाले, हे विचारणे सोपे काम नाही. संस्थेची क्षमता वाढवणे म्हणजे संगणक घेणे आणि प्रकल्प-प्रस्ताव लिहायला शिकणे, अशी आज समजूत आहे. मला वाटते, आपल्या गावात या वर्षी कोण मेले आणि का, हे खरेपणाने सांगता येणे ही संस्थेची पहिली क्षमता.

जामखेडचेही मोजमाप अखेर बाहेरच्या माणसांनी केले. प्रकल्पाची गावे आणि आसपासची दुसरी गावे यांची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. काहींना हा आकडा जामखेडच्या कीर्तीच्या मानाने लहान वाटला. मला तसे वाटत नाही. चाळीस वर्षांत आजूबाजूच्या गावांतही रस्ते आले, लसी आल्या, दवाखाने आले. एवढे होऊनही फरक उरतो, ही मोठी गोष्ट आहे. आणि आख्यायिकेपेक्षा तपासलेला आकडा लहान असला तरी पुढच्या पिढीला तोच उपयोगी पडतो.

आशाताईंची वही

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि 'आशा' घरोघरी दिसू लागली. हजार वस्तीमागे एक, गावातलीच, आणि या वेळी स्त्रीच. जामखेड, मांडवा, गडचिरोली यांचे धडे निदान एवढे तरी उतरले. २०११ मध्ये नवजात बाळाच्या घरगुती काळजीचा कार्यक्रमही आशांकडे सोपवला गेला. बाळ घरी जन्मले तर सात, दवाखान्यात जन्मले तर सहा भेटी. गडचिरोलीतल्या तुलनेच्या गावांचे जे ऋण मी वर म्हटले, ते फेडण्याची ही सुरुवात होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सुमारे दहा लाख आशांना आरोग्यक्षेत्रातील नेतृत्वाचा पुरस्कार दिला. त्या मात्र कागदोपत्री अजून 'स्वयंसेविका'च आहेत आणि कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर बसावे लागते.

आता आशाताईंच्या वहीकडे पाहा. गरोदर किती, लसी किती, भेटी किती, प्रसूती किती. रकाने भरभरून आहेत. हे आकडे उपकेंद्रातून प्राथमिक केंद्रात, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला आणि राजधानीला जातात. ते परत गावात येतात का? आपल्या गावात या वर्षी किती बाळे गेली आणि त्यांतली कोणती वाचवता आली असती, यावर ग्रामसभेत बोलणे होते का? आणि आपल्या सीमाभागापुरते आणखी एक विचारतो. आई ज्या भाषेत बाळाचे दुखणे सांगते, आशाताई ज्या भाषेत ते समजून घेते, त्या भाषेतली वही तिच्या हाती असते का? कन्नड असो वा मराठी, नोंद करणारीला आपली नोंद वाचता आणि समजून सांगता आली पाहिजे. नाहीतर ती केवळ आकडे वाहून नेणारी हमाल होते. जामखेडच्या बाईचे बळ तिच्या मोजण्यात होते, कारण त्या मोजण्याचा अर्थ तिला कळत होता आणि त्यावर पुढे काय करायचे तेही तीच ठरवत होती.

आपल्यासाठी

फ्लेक्सनरने महाविद्यालये मोजली, सरकारने सेवक मोजले, आपण लाभार्थी मोजतो. आरोळे, अंतिया आणि बंग यांनी आपापल्या परीने माणसाचे जगणे-मरणे मोजले आणि ते मोजण्याचे काम गावातल्या बाईला शिकवले. या इतिहासातून मला एवढे कळले, की हिशेब ठेवणारा माणूस दुःखाच्या जितका जवळ, तितका तो हिशेब कामाचा. त्याला बाहेरच्याची तपासणी लागतेच, पण ती नंतरची पायरी.

आपल्यापैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या धर्मादाय दवाखान्याचे, रुग्णोपयोगी साहित्य केंद्राचे, रक्तपेढीचे विश्वस्त आहात. आपल्याला गडचिरोलीइतके संशोधन करता येणार नाही. पण पुढच्या वार्षिक सभेत तीन गोष्टी विचारता येतील. रक्तदाबाचे, मधुमेहाचे जे रुग्ण गेल्या वर्षी आले, त्यांतले किती जण औषध अजून घेतात आणि किती जणांचा आजार आटोक्यात आहे? जे येणे थांबले, ते बरे झाले, दुसरीकडे गेले की वारले, हे पाहायला कोणी घरी गेले का? आणि आपण केलेले कोणते काम फसले? यांची उत्तरे अहवालात एक पान मागतील. देणगीदारांची यादी एका पानाने कमी करावी लागली तरी चालेल.

शिबिरात तपासलेल्या मोतीबिंदूच्या म्हातारीला शस्त्रक्रियेनंतर दिसते का, हे तिच्या घरी जाऊन विचारणारा एखादा महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी प्रत्येक संस्थेला सहज मिळेल. त्याला वही द्या, त्याच्या भाषेतली द्या, आणि त्याने आणलेले उत्तर कितीही अडचणीचे असले तरी सभेत मोठ्याने वाचा.